टेस्टिंग शिकायला आयएसटीक्यूबी फाउंडेशन ४.० किती पुरतो?

सॉफ्टवेअर टेस्टिंगची सुरुवात कुठून करावी, असं पुण्यात कुणाला विचारलं की बहुतेक वेळा एखाद्या क्लासचं नाव पुढे येतं. क्लासची फी भरण्याआधी आयएसटीक्यूबी, म्हणजे टेस्टिंगच्या प्रमाणपत्र परीक्षांची आंतरराष्ट्रीय संस्था, हिच्या साइटवरून फाउंडेशन लेव्हलचा, म्हणजे पहिल्या पातळीचा, सिलॅबस डाउनलोड करून घ्या. ४.० ही आवृत्ती २०२३ मध्ये आली. सत्तरेक पानांची पीडीएफ, पूर्ण फुकट. सोबत नमुना प्रश्नपत्रिका आणि प्रत्येक उत्तर बरोबर का, चूक का याचं स्पष्टीकरणही फुकट मिळतं. परीक्षेला बसण्यासाठी मान्यताप्राप्त क्लास केलाच पाहिजे अशी अट नाही.

सहा प्रकरणं आहेत आणि प्रत्येकापुढे शिकवायला किती मिनिटं द्यायची ते छापलंय: १८०, १३०, ८०, ३९०, ३३५ आणि २०. हे आकडे आधी बघा. एकूण ११३५ मिनिटांपैकी ७२५ मिनिटं चौथ्या आणि पाचव्या प्रकरणाची आहेत आणि ४० पैकी २० प्रश्नही तिथूनच येतात. बरेच जण पहिल्या प्रकरणातल्या व्याख्या आणि सात तत्त्वं घोकत बसतात आणि चौथ्यापर्यंत पोचेतो दमतात.

चौथं प्रकरण, म्हणजे टेस्ट डिझाइन, हा या सिलॅबसचा जीव आहे. मात्र ते नुसतं वाचून उपयोग नाही. वही घेऊन बसावं लागतं. उदाहरणाला एसटीच्या सवलती घ्या: ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट, ७५ च्या वर मोफत, महिलांना अर्धं तिकीट. वयाचे तीन गट पडतात: ६५ च्या खाली, ६५ ते ७५, ७५ च्या वर. प्रत्येक गटातून एक वय घेतलं की इक्विव्हॅलन्स पार्टिशनिंग झालं. पण कोड फसतो तो गटाच्या कडेला. म्हणून बाउंड्री व्हॅल्यूच्या दोन-मूल्यी पद्धतीत ६४, ६५, ७५ आणि ७६ ही वयं घ्यायची. तीन-मूल्यी पद्धतीत या प्रत्येकाचे दोन्ही शेजारी येतात, म्हणजे ६३ ते ६६ आणि ७४ ते ७७, एकूण आठ. प्रोग्रामरने 'पेक्षा मोठं' ऐवजी 'पेक्षा मोठं किंवा बरोबर' लिहिलं असेल, तर ते ७५ वरच सापडतं; ७० किंवा ८० टाकून कधीच सापडणार नाही.

याच कडेवर आणखी एक प्रश्न उभा राहतो. गेल्या महिन्यात ज्यांना ७५ पूर्ण झाली, ते आजोबा कुठल्या गटात? उत्तर कोडमध्ये शोधायचं नसतं, कोड लिहिण्याआधी विचारून घ्यायचं असतं. तिसऱ्या प्रकरणातल्या स्टॅटिक टेस्टिंगमध्ये, म्हणजे प्रोग्राम न चालवता कागदपत्रं आणि कोड तपासण्यात, हेही येतं. त्याला ८० मिनिटं आणि चारच प्रश्न, म्हणून ते गुंडाळू नका.

आता डिसिजन टेबल, म्हणजे अटींच्या सगळ्या जोड्या आणि प्रत्येकीचा निकाल मांडणारा तक्ता. महिला आहे का, वय ६५ ते ७५ आहे का, ७५ च्या वर आहे का, अशा तीन अटींचे आठ रकाने होतात. त्यातले दोन अशक्य, कारण एकच माणूस दोन्ही वयोगटांत असू शकत नाही. उरतात सहा. त्यातला ७० वर्षांच्या महिलेचा रकाना महत्त्वाचा: दोन्ही सवलती लागू दिसतात, पण तिकीट अर्धंच राहायला हवं. कोडने दोनदा निम्मं केलं, तर २०० चे १०० आणि १०० चे ५० होतात. वय आणि महिला सवलत वेगवेगळ्या तपासल्या, तर हा बग हमखास निसटतो.

कव्हरेजच्या, म्हणजे टेस्टनी कोडचा किती भाग चालवून बघितला हे मोजण्याच्या, भागात हमखास गोंधळ होतो. वय ७५ च्या वर असेल तर भाडं शून्य करा, एवढाच कोड असेल आणि त्यात एल्स (अट खोटी असेल तर काय करायचं तो भाग) नसेल, तर ८० वय टाकून एका टेस्टमध्ये स्टेटमेंट कव्हरेज १०० टक्के येतं. ब्रँच कव्हरेज मात्र ५० टक्केच, कारण अट खोटी ठरते ती वाट चाललोच नाही. शिवाय महिला सवलतीचा कोड लिहायचाच राहून गेला असेल, तर दोन्ही आकडे १०० असूनही ते कळणार नाही.

पाचव्या प्रकरणात कामाला किती दिवस लागतील याच्या अंदाजाचं सूत्र आहे, त्याचा सराव करा. कमीत कमी ४ दिवस, बहुधा ७, जास्तीत जास्त १६ लागणार असतील, तर ४ अधिक ७ च्या चौपट अधिक १६, भागिले ६, म्हणजे ८ दिवस. १६ आणि ४ मधला फरक भागिले ६, म्हणजे २ दिवस मागे-पुढे. बग रिपोर्टमध्ये काय काय हवं हेही इथे नीट दिलंय, पण लिहायचा सराव मिळत नाही. 'तिकीट चुकतंय' हे शीर्षक डेव्हलपरच्या काहीच कामाचं नाही. '७० वर्षांच्या महिलेला २०० च्या तिकिटावर १०० ऐवजी ५० रुपये आकारले' असं लिहिलं की अर्धं काम झालं.

मोठी उणीव टूल्सची. त्या प्रकरणाला २० मिनिटं आणि दोन प्रश्न. सेलेनियम (ब्राउझरमधल्या टेस्ट आपोआप चालवायला), पोस्टमन (एपीआय तपासायला), जिरा (बगची नोंद ठेवायला), एसक्यूएल (डेटाबेसमधली माहिती काढायला) यांतलं काहीही हाताखालून जात नाही, आणि मुलाखतीत तर हेच विचारतात. ते वेगळं शिकावंच लागेल.

नोट्स घेताना जपून. २०१८ च्या आवृत्तीवरचं साहित्य अजून सर्रास फिरतंय. त्यातलं यूज केस टेस्टिंग (वापरणारा सिस्टिमशी कसा वागतो त्यावरून टेस्ट काढणं) ४.० मध्ये नाही, तर अक्सेप्टन्स टेस्टवर आधारलेल्या डेव्हलपमेंटसारखे (आधी स्वीकाराच्या टेस्ट ठरवून मग कोड लिहिणं) भाग नव्याने आलेत.

पेपर ६० मिनिटांचा, पास व्हायला २६ गुण, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पेपर मातृभाषेत नसेल तर २५ टक्के जादा वेळ मिळतो, म्हणजे ७५ मिनिटं. नाव नोंदवतानाच तो मागून घ्या. काही प्रश्नांत दोन पर्याय निवडायचे असतात आणि तसं प्रश्नातच लिहिलेलं असतं. घाईत एकच टिक करून पुढे गेलात, तर येत असलेल्या प्रश्नाचा गुण जातो.