टीडीएस मीटर ठेवा बाजूला, ओटी किट आणि एचटूएस बाटली घ्या

मुंबईच्या नळाच्या पाण्यात टीडीएस मीटर (विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारा) बुडवला की आकडा लहानच येतो. तानसा, भातसा, वैतरणा ही पावसावर भरणारी धरणं, पाण्यात क्षार मुळातच कमी. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार चालतात. तेव्हा इथे आरओ बसवणं म्हणजे पैशांची आणि पाण्याची नासाडी. मीटर मोजतो ती विद्युतवाहकता. जंतू त्याला कळत नाहीत, आणि इथे पोटं बिघडतात ती जंतूंनीच.

भांडुपहून पाणी शुद्ध होऊन, क्लोरिन घेऊन निघतं. बिघडतं ते वाटेत. पुरवठा काही तासांचा. तो बंद झाला की वाहिनीतला दाब उतरतो आणि गळक्या सांध्यातून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. पुढे सोसायटीची जमिनीखालची टाकी. झाकणाची कडा फरशीच्या बरोबरीला असेल तर पहिल्या जोराच्या पावसात आवारातलं पाणी सरळ आत उतरतं.

वाटेत क्लोरिन उरला का हे दाखवतं ते ओटी (ऑर्थोटोलिडिन) किट, गावोगावी पाणी तपासणारे जलसुरक्षक वापरतात तेच. नळी खुणेपर्यंत भरायची, किटवर लिहिलेले तेवढेच थेंब टाकायचे आणि दहा सेकंदांच्या आत पिवळा रंग तक्त्याशी ताडून बघायचा. उशीर केला तर संयुक्त क्लोरिनही (अमोनियासारख्या पदार्थांशी जोडला गेलेला, जंतू मारायला दुबळा) रंग देतो आणि आकडा फुगतो. नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन असायला हवा. टाकीत पडणारं पाणी, गच्चीवरची टाकी आणि स्वयंपाकघरातला नळ असं एकाच सकाळी तपासावं. खाली पिवळं आणि वर बिनरंगी आलं तर दोष आपल्याच टाक्यांत आहे, पालिकेकडे तक्रार करून काही होणार नाही. द्रावण विषारी आहे, हाताला लागू देऊ नका. जुनं झालं की रंगही नीट येत नाही, म्हणून तारीख बघूनच घ्या.

क्लोरिन शून्य आला की एचटूएस बाटली काढायची, पाण्यात मैल्याचे जंतू आहेत का हे ती दाखवते. नळाचं तोंड स्पिरिटने पुसून दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या. बाटलीच्या आत किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागलं तर ती चाचणी फुकट. खुणेपर्यंत भरून उबदार जागी ठेवा, मुंबईत उन्हाळा-पावसाळ्यात कपाटही पुरतं. २४ ते ४८ तासांत पाणी काळं पडलं तर त्यात मैल्याचा अंश आहे असं धरा आणि त्या दिवसापासून पाणी उकळूनच प्या. पाणी तसंच राहिलं म्हणून विषाणू नाहीत असं मात्र नाही, हा या बाटलीचा खरा उणेपणा. जंतू किती हेही ती सांगत नाही. तरी इतक्या थोड्या पैशांत एवढं स्पष्ट उत्तर देणारी दुसरी वस्तू नाही.

गावच्या घरी बोअर असेल तर गणित वेगळं. अकोला-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात (जमिनीखालचं पाणी खारट असलेल्या भागात) टीडीएस मीटर उपयोगी पडतो. यवतमाळ-चंद्रपूरकडे फ्लोराइडची भीती. त्याची मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम, दुसरं पाणीच नसेल तर १.५. तिथे नमुना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेतच द्यावा लागतो.

काळी पडलेली बाटली तशीच ओतू नका, आत जंतू वाढलेले असतात. चमचाभर टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून तासभर ठेवा, मग संडासात ओता.