काळ्या रंगाखाली झाकलेला पाया

आमच्या व्यापारी संकुलाच्या वाहनतळाची देखभाल माझ्याकडे आहे आणि डांबर दुरुस्तीच्या ज्या कामात आम्ही फसलो, त्याच्या प्रत्येक कागदावर सही माझीच आहे. असेच काम काढण्याच्या विचारात असलेल्यांनी सही करण्यापूर्वी हे वाचावे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

डांबर तीन ठिकाणी बिघडले होते: मालाचे ट्रक उभे राहतात तिथे, कचऱ्याच्या पेट्यांसमोर आणि पावसाच्या पाण्याच्या चेंबरभोवती. कंत्राटदार आला, अर्धा तास फिरला, बुटाच्या टाचेने एक-दोन भेगा दाबून पाहिल्या आणि म्हणाला, "साहेब, डांबर म्हातारं झालंय, दुसरं काही नाही. भेगा भरू, वरून सीलकोटचा काळा लेप मारू, नव्यासारखं होईल." यातले अर्धे खरे होते, म्हणूनच मी फसलो. ऊन आणि हवा यांच्यामुळे डांबर कडक होते, राखाडी पडते आणि तडकते, हे मलाही ठाऊक होते. पण वयामुळे आलेल्या भेगा साधारणपणे सगळीकडे पसरतात. आमच्याकडे त्या फक्त तीनच जागी का आल्या, हा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही.

काम दोन दिवसांत उरकले. काळाभोर पृष्ठभाग, त्यावर पांढऱ्याशुभ्र रेषा. भाडेकरूंनी माझे कौतुकही केले. पावसाळा सुरू झाला आणि त्याच तीन जागी भेगा पुन्हा वर आल्या. एकमेकींत गुंतलेले छोटे छोटे तुकडे, अगदी मगरीच्या पाठीसारखे. ट्रक गेला की भेगांतून करड्या रंगाचे गढूळ पाणी बुडबुडत वर येई आणि वाळल्यावर प्रत्येक भेगेच्या कडेला चिखलाची बारीक पूड उरे. ही पूड मी कितीतरी दिवस झाडून घेतली, चाकांबरोबर आलेली माती समजून.

शेवटी एका स्वतंत्र अभियंत्याला बोलावले. त्यांनी ट्रकच्या जागी डांबराचा चौकोन कापून काढायला लावला. निघालेला तुकडा मी हातात घेतला तेव्हा त्याची खालची बाजू ओली होती. त्याखाली खडीचा थर, म्हणजे डांबराचा पाया, असायला हवा होता. तिथे खडी होती, पण ती मातीत रुतून गेली होती आणि अंगठा दाबला तर लोण्यात जावा तसा आत जात होता. भेगांतून वर येणारी पूड हीच माती होती: थरात साचलेले पाणी चाकाच्या भाराने दाबले जाते आणि येताना बारीक कण घेऊन येते, त्यामुळे खाली पोकळी वाढत जाते. डांबर स्वतः फारसा भार पेलत नाही, तो खालच्या थरांकडे सोपवते. खालचे थर मऊ पडले की डांबर प्रत्येक चाकाखाली वाकते आणि वाकून वाकून थकते. मगरीच्या पाठीसारख्या भेगा म्हणजे हा थकवा.

जागा तीनच का, याचेही उत्तर त्यांनी दिले. अमेरिकेत 1958 ते 1960 दरम्यान झालेल्या एका मोठ्या रस्ता-चाचणीतून असे दिसले की आसावरचा, म्हणजे चाकांना जोडणाऱ्या दांड्यावरचा, भार दुप्पट झाला तर रस्त्याची हानी अंदाजे सोळा पट होते. म्हणजे दिवसभर येणाऱ्या शेकडो मोटारींनी जे होत नाही, ते मालाचा आणि कचऱ्याचा एकेक ट्रक करतो. चेंबरपाशी कारण वेगळे निघाले: विटांच्या सांध्यांतून पाणी झिरपत होते आणि भोवतालचा भराव त्याबरोबर वाहून जात होता. तिथली बशीसारखी खोलगट जागा मला रोज दिसत होती. पाऊस थांबून दिवस उलटला तरी पाणी तिथे तसेच असे.

सीलकोट हा मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा लेप असतो. तो पृष्ठभागाला ऊन-पाण्यापासून वाचवतो, पण ताकद म्हणून काहीही देत नाही. इतकेच नव्हे, तर त्याने आमच्याकडची सगळी लक्षणे झाकून टाकली. भेगांचा आकार, चिखलाचे डाग, जुन्या ठिगळांच्या कडा, सगळे एकाच काळ्या रंगाखाली गेले.

कंत्राटदाराला हे माहीत नव्हते, असे काही काळ मीही धरून चाललो. मग त्याच्याच माणसाने कामाआधी काढलेला पाहणीचा नकाशा आमच्या फायलीत सापडला. त्यावर याच तीन जागांना गोल केले होते आणि बाजूला लिहिले होते, "खाली नरम." तोच नकाशा मोजमापाच्या कागदांबरोबर माझ्याकडे आला होता आणि मी फक्त क्षेत्रफळाची बेरीज तपासली होती. हमीपत्र काढून पाहिले, तर बारीक अक्षरांत एक ओळ होती की पायाच्या हालचालीमुळे झालेले नुकसान हमीत येणार नाही. ज्याला पाया चांगला वाटतो, तो पायाचा अपवाद इतक्या काळजीने लिहीत नाही, असे माझे मत आहे. त्या ओळीवर बोट ठेवूनच त्याने पैसे परत देण्याचे नाकारले.

आता तिन्ही जागी डांबर आणि खराब माती पूर्ण खोदून काढली आहे, चेंबर दुरुस्त केला आहे आणि खडी थराथराने, प्रत्येक थर वेगळा दाबून भरली जात आहे. वरचे डांबर घालण्याआधी भरलेला ट्रक त्या खडीवरून सावकाश चालवून पाहायचा, अशी अट या वेळी करारातच घातली आहे, आणि चाकाखाली खडी हलताना दिसली तर तो भाग पुन्हा उकरायचा. काल पहिला ट्रक फिरवला तेव्हा कचऱ्याच्या पेट्यांसमोरची खडी चाकाबरोबर किंचित दबली आणि पुन्हा वर आली. तो भाग आज सकाळी परत उकरायला घेतला आहे.