फेटची सिम्युलेशन्स ऑफलाइन: फाइल चांगली, उघडण्याची जागा चुकते

अमेरिकेतल्या कोलोरॅडो बोल्डर विद्यापीठात भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या फेट (PhET) प्रकल्पाची विज्ञान-गणिताची सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग, मोफत मिळतात. बरीचशी मराठीतही आहेत. पण शाळेत नेट नसताना त्यांचा खरा उपयोग होतो तो डाउनलोडमुळे. सर्किट जोडणीचं अख्खं सिम्युलेशन एकाच एचटीएमएल फाइलमध्ये असतं. चित्रं, आवाज, कोड सगळं आत. पेनड्राइव्हवर टाका, लॅबमधल्या प्रत्येक संगणकावर कॉपी करा, काम झालं. यासाठी आमच्याकडून पूर्ण गुण.

अडचणी येतात त्या बहुतेक फाइल उतरवताना आणि उघडताना.

सगळ्यात जास्त फसगत कंट्रोल-एस दाबल्याने होते. सिम्युलेशन एका पानाच्या चौकटीत चालू असेल तर असं सेव्ह केल्यावर फक्त बाहेरचं पान उतरतं, आणि ते आतला मजकूर पुन्हा नेटवरूनच मागतं. वर्गात समोर पांढरा पडदा. म्हणून डाउनलोडचंच बटण वापरा आणि फाइलचा आकार बघा. तो एमबीमध्ये हवा. काही केबीच असेल तर भलतंच काही उतरलंय. मराठी आवृत्तीच्या फाइलच्या नावात शेवटी अंडरस्कोर आणि एमआर असतं, इंग्रजीच्या ईएन.

विंडोज ७ च्या जुन्या संगणकांवर डबल क्लिक केल्यावर फाइल इंटरनेट एक्सप्लोररमध्ये जाते, तिथे ती चालत नाही. राइट क्लिक, ‘ओपन विथ’, मग क्रोम किंवा फायरफॉक्स. विंडोज ७ साठी क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती आहे, त्यामुळे एखादं नवं सिम्युलेशन तिथे अडखळलं तर फाइलला दोष देऊ नका.

फोनवर मात्र गोंधळ जास्त. अँड्रॉइडमध्ये व्हॉट्सॲपवरून आलेली फाइल अनेकदा ‘एचटीएमएल व्ह्यूअर’मध्ये उघडते. तो साधं पान दाखवण्यापुरता आहे. जावास्क्रिप्टवर चालणारं सिम्युलेशन त्याच्या भरवशावर सोडू नये. खात्रीची वाट म्हणजे फाइल क्रोममधूनच डाउनलोड करायची आणि क्रोमच्या तीन ठिपक्यांच्या मेनूतल्या ‘डाउनलोड्स’मधून उघडायची. नंतर नेट बंद असलं तरी चालते. विद्यार्थ्यांना फाइल फॉरवर्ड करण्यापेक्षा लिंक पाठवलेली बरी. आयफोनच्या फाइल्स ॲपमध्ये फक्त प्रीव्ह्यू दिसतो, सिम्युलेशन चालत नाही. तिथे नेटशिवाय चालवायचं तर फेटचं विकतचं ॲप घ्यावं लागतं. गरीब घरातल्या मुलांकडून ती अपेक्षा धरू नये.

घनतेसारखी त्रिमितीय सिम्युलेशन्स वेबजीएल (ब्राउझरमध्ये त्रिमितीय चित्रं काढणारं तंत्र) मागतात. चित्र काळं पडलं किंवा फार अडकत असेल तर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘सिस्टीम’खाली ग्राफिक्स ॲक्सलरेशन चालू आहे का बघा, बदल केल्यावर क्रोम बंद करून पुन्हा उघडा. तरीही फरक पडला नाही तर ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट करावा लागतो.

जुन्या जावा सिम्युलेशन्सची गोष्ट वेगळी. त्यांची फाइल ‘जार’ (.jar) प्रकारची असते, ती चालवायला संगणकावर ‘जावा’ हा प्रोग्राम लागतो. झिप फाइली उघडणारं विनरार असेल तर ती फाइल झिपसारखी उघडून आतले फोल्डर दाखवते. तेव्हा ‘ओपन विथ’मधून जावा निवडा. फ्लॅश या जुन्या ब्राउझर-प्लगइनवरच्या सिम्युलेशन्सच्या मागे लागू नका: अडोबीने फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला काढून घेतला. त्याच विषयाची एचटीएमएल आवृत्ती आलेली असेल तर तीच घ्या.