गोडो ४.५चा अँड्रॉइड बिल्ड : भरवशाचा, पण आवृत्त्या इंजिनाच्याच ठेवा

प्ले स्टोअरवर नवा गेम टाकायचा असेल, तर गोडो या गेम इंजिनाची ४.५च्या आधीची आवृत्ती घेऊन सुरुवात करू नये. याला १६ केबी पेजचं (फोन मेमरी ज्या तुकड्यांनी वाटतो, त्या तुकड्याच्या आकाराचं) एकच कारण पुरेसं आहे. १ नोव्हेंबर २०२५पासून अँड्रॉइड १५ किंवा त्यापुढचं टार्गेट असलेल्या नव्या अ‍ॅप्सना आणि अपडेट्सना प्ले स्टोअरने १६ केबी मेमरी पेजचा सपोर्ट सक्तीचा केला. त्याआधी ३१ ऑगस्टपासून टार्गेट एपीआय ३५ (म्हणजे अँड्रॉइड १५) सक्तीचं झालेलं असल्यामुळे यातून पळवाट नाही. गोडोने ४.५मध्ये जुनं एनडीके (अँड्रॉइडसाठी सी++ बांधायचं साधन) आर२३सी सोडून आर२८बी घेतलं. आर२८पासून नेटिव्ह लायब्ररीची (एसओ फाइलची) जुळणी मुळातच १६ केबीची होते, त्यामुळे इंजिनापुरता प्रश्न मिटला.

अडतं ते बाकीच्या लायब्रऱ्यांपाशी. जीडीएक्स्टेन्शन (इंजिनाला बाहेरून जोडलेली नेटिव्ह लायब्ररी) जुन्या एनडीकेवर बांधलेलं असेल, तर इंजिन कितीही नवं असलं तरी बंडल नाकारलं जातं. आपलंच एक्स्टेन्शन असेल तर आर२८वर परत बांधावं. जुन्या एनडीकेवरच राहायचं असेल तर लिंकरला मॅक्स-पेज-साइज १६३८४ द्यावं. जाहिरातींच्या किंवा अ‍ॅनालिटिक्सच्या एसडीकेतून आलेल्या एसओ फाइलला मात्र आपल्याकडे इलाज नाही, तिची नवी आवृत्तीच घ्यावी लागते. अपलोड करण्याआधी तपासणी करावी : एपीकेवर बिल्ड-टूल्स ३५मधलं झिपअलाइन ‘-सी -पी १६ -व्ही ४’ असं चालवायचं, आणि प्रत्येक एसओ फाइलवर ऑब्जडम्प ‘-पी’ चालवून लोडच्या ओळी बघायच्या. तिथे अलाइन २**१४ (म्हणजे १६ केबी) दिसलं की ठीक, २**१२ (४ केबी) दिसलं की तीच फाइल दोषी.

मांडणी सोपी आहे. जेडीके (जावाचा साधनसंच) १७, प्लॅटफॉर्म-टूल्स, बिल्ड-टूल्स ३५, प्लॅटफॉर्म अँड्रॉइड-३५ आणि कमांड-लाइन टूल्स बसवून एडिटर सेटिंग्जमध्ये जावा आणि अँड्रॉइड एसडीकेचे रस्ते द्यायचे. जेडीके ‘नवं ते चांगलं’ म्हणून घेऊ नये. ग्रेडलची (अँड्रॉइड बिल्ड करणाऱ्या साधनाची) आवृत्ती ८.५च्या आधीची असेल आणि जेडीके २१ असेल, तर बिल्ड ‘अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन ६५’ म्हणून थांबतो. ६५ म्हणजे जावा २१. बरेच जण इथे ग्रेडल बदलायला जातात आणि गुंता वाढवतात. रस्ता जेडीके १७कडे वळवला की काम होतं.

तयार एपीके टेम्प्लेट फोनवर पटकन चाचणी घ्यायला उत्तम. पण एएबी (प्ले स्टोअरला द्यायचं बंडल) हवं असेल, प्लगिन वापरायचे असतील किंवा मिनिमम आणि टार्गेट एसडीके बदलायचं असेल, तर ‘यूज ग्रेडल बिल्ड’ चालू करावंच लागतं. मग प्रोजेक्ट मेन्यूतून बिल्ड टेम्प्लेट बसवलं की अँड्रॉइड/बिल्ड हे फोल्डर तयार होतं. या व्यवस्थेतला सर्वांत मोठा काच इथे आहे. इंजिन अपडेट केलं की आवृत्ती जुळत नाही म्हणून एक्सपोर्ट अडतो, आणि टेम्प्लेट परत बसवायला गेलं तर आधीचं फोल्डर हाताने काढा असं एडिटर सांगतो. म्हणजे मॅनिफेस्टमध्ये (परवानग्या वगैरे सांगणाऱ्या फाइलीत) किंवा बिल्ड.ग्रेडलमध्ये हाताने घातलेली प्रत्येक ओळ जाते. म्हणून तिथे हात घालूच नये. ४.२पासून आलेल्या नव्या प्लगिन पद्धतीत एक्सपोर्ट प्लगिनमधूनच मॅनिफेस्टच्या ओळी आणि डिपेन्डन्सी जोडता येतात. ते केलं की फोल्डर कधीही उडवून परत बसवता येतं.

इंजिनाचा सोर्स स्वतः बदलणाऱ्यांनी दोन फाइली कायम सोबत बघाव्यात : ग्रेडलकडची कॉन्फिग.ग्रेडल आणि स्कॉन्सकडची (इंजिनाचं सी++ बांधणाऱ्या साधनाकडची) डिटेक्ट.पीवाय. एनडीकेची आवृत्ती आणि मिनिमम एपीआय दोन्हीकडे लिहिलेले असतात. एकीकडे बदलून दुसरीकडे राहिलं, की सी++ एका एनडीकेने बांधलं जातं आणि जावाची बाजू दुसऱ्याची अपेक्षा धरते. अपस्ट्रीमच्या (मूळ गोडोच्या) फाइलीतही ही जुळवणी टिप्पणी लिहूनच सांभाळलेली आहे. ती एका जागी आणायला हवी.

दुसरी चूक जास्त वेळ खाते. स्कॉन्सने आर्म६४ बांधलं, ‘जनरेटगोडोटेम्प्लेट्स’ चालवलं, की दोन एपीके आणि अँड्रॉइड_सोर्स.झिप अशा तीन फाइली मिळतात. ग्रेडल बिल्ड वापरताना नुसत्या एपीके प्रीसेटमध्ये (एक्सपोर्टच्या सेटिंगमध्ये) देऊन उपयोग नाही, कारण त्यातलं इंजिन या झिपमधूनच येतं. झिप द्यायची राहिली तर एक्सपोर्ट बिनबोभाट होतो, आणि आपला बदल मात्र फोनवर दिसत नाही. नवी झिप दिल्यावरही टेम्प्लेट परत बसवावं लागतं.

इंटरनेटची परवानगी प्रीसेटमध्ये मुळात बंद असते. रिमोट डीबगसह फोनवर चालवताना गोडो ती आपणहून देतो, त्यामुळे चाचणीत सर्व्हर लागतो आणि रिलीजमध्ये लागत नाही. ही खूण आठवणीने लावावी. रेंडरिंगच्या सेटिंगमध्ये ईटीसी२ एएसटीसी (टेक्स्चर दाबायच्या पद्धती) इम्पोर्ट बंद असेल तर एक्सपोर्टच होत नाही, पण तिथे एडिटर स्पष्ट सांगतो. रिलीज कीस्टोअर (गेमवर सही करायच्या कीची फाइल) करताना स्टोअरचा आणि कीचा पासवर्ड एकच ठेवावा, गोडोला वेगळे चालत नाहीत. पासवर्ड .गोडो फोल्डरमधल्या वेगळ्या फाइलीत राहत असल्यामुळे एक्सपोर्ट प्रीसेटची फाइल गिटमध्ये टाकायला हरकत नाही. बिल्ड सर्व्हरवर हीच माहिती एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून देता येते, ही सोय फार नेटकी आहे.

जीडीस्क्रिप्टवाल्यांनी (गोडोची स्वतःची भाषा वापरणाऱ्यांनी) आणि सी++मध्ये एक्स्टेन्शन लिहिणाऱ्यांनी ४.५ डोळे झाकून घ्यावं. सी शार्पचा अँड्रॉइड एक्सपोर्ट अजून प्रायोगिक आहे. पैसे घेऊन द्यायचा गेम असेल तर आधी रिकामा प्रोजेक्ट एएबी करून स्टोअरच्या अंतर्गत चाचणीपर्यंत नेऊन बघावा, आणि मगच भाषा ठरवावी.