ऊस, द्राक्षबाग आणि काटेरी माळ: एटीव्हीच्या ६ प्लाय टायरचा वापरानंतरचा अनुभव

गाडी म्हणजे एटीव्ही, रानात चालवायची हँडलवाली चारचाकी: ५७० सीसी वर्गातली, फोर-व्हील ड्राइव्ह, डिस्क (चाकाची रिम) बारा इंची. टायर पुढे २५×८-१२ आणि मागे २५×१०-१२, दोन्ही ट्यूबलेस, ऑल-टेरेन (सगळ्या जमिनींना चालणाऱ्या) नक्षीचे, ६ प्लाय रेटिंगचे. म्हणजे उंची २५ इंच, रुंदी पुढे ८ आणि मागे १०. काम वाळवा-पलूसच्या काळ्या रानात, तासगावकडच्या द्राक्षबागांत, जतच्या माळावर आणि कधीमधी पिकअपमध्ये घालून महाबळेश्वरच्या बाजूला. पावसाळा, गळीत हंगाम आणि उन्हाळा असे तिन्ही काळ या संचाने पाहिले. टायर पैसे वसूल आहेत. पण आपल्या सांगली-सातारा या दोन जिल्ह्यांत टायरचं आयुष्य नक्षीवर कमी आणि साइडवॉल (टायरची कूस) व हवेवर जास्त ठरतं. दुकानात मात्र सगळी चर्चा नक्षीचीच होते.

साइडवॉलचं आधी, कारण ऊस. कोयत्याने तिरकी तोड झाली की बुडख्याला धार राहते आणि वाळल्यावर ती जास्तच कडक होते. सरीतून गाडी चालवताना ही धार ट्रेडला, म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या भागाला, लागत नाही, वरंब्यावरून टायरच्या कुशीत घुसते. गाडीसोबत बऱ्याचदा ४ प्लायचे टायर येतात. त्यांची कूस अशा रानात टिकत नाही आणि तिथलं भोक पंक्चरच्या दोरीने बुजत नाही. बुजवूही नये, कारण साइडवॉल सतत वाकते आणि दोरी बाहेर फेकते. ६ प्लायवर ओरखडे भरपूर आले, आतपर्यंत एकही गेला नाही. ६ प्लाय म्हणजे आत मोजून सहा थर असतात असं नाही, ते ताकदीचं रेटिंग आहे. त्याची किंमतही मोजावी लागते: टायर जड होतो, स्टिअरिंग थोडं जड लागतं आणि माळावरचे हादरे जास्त जाणवतात. नुसत्या फार्महाऊसच्या हौसेला ४ प्लाय पुरतात. खोडव्यात (तोडीनंतर बुडख्यांतून पुन्हा फुटलेल्या उसात) गाडी घालणार असाल तर मात्र ६ प्लायच्या खाली जाऊ नका, आणि आधी बुडखे छाटून घ्या. पिकालाही ते हवंच असतं.

काळ्या मातीत ऑल-टेरेनची मर्यादा लगेच कळते. जुलैत रान ओलं असताना चार-पाच गुंठे जाईपर्यंत नक्षी भरते आणि टायर पूर्ण गोटा झाल्यासारखा घसरतो. मड टायरचे, म्हणजे खास चिखलासाठीच्या टायरचे, ठोकळे इंच-सव्वा इंच खोल आणि एकमेकांपासून लांब असतात, त्यामुळे चाक जोरात फिरलं की चिखल उडून जातो. ऑल-टेरेनची खोली साधारण पाऊण इंच, तिथे तो अडकून बसतो. तरी मड टायर घ्यावेत असं वाटत नाही. ओल्या रानात ते खड्डा करत खाली जातात आणि सरी मोडतात. मुरमावर, जांभ्यावर ठोकळे झपाट्याने झिजतात आणि हँडल थरथरतं. वर्षातले चार महिने नदीकाठच्या गाळातच काम असेल तरच मड. बाकीच्यांनी पाऊस उघडल्यावर दोन दिवस थांबावं, ते स्वस्त पडतं.

उंची वाढवायचा मोह बऱ्याच जणांना होतो. २६ इंचापर्यंत सहसा खपतं. २७ घातला की वळताना टायर प्लास्टिकला घासू शकतो आणि सीव्हीटीच्या (आपोआप गिअर बदलणाऱ्या यंत्रणेच्या) बेल्टवर ताण येतो. लो गिअरमध्ये ओढ लागली की बेल्ट तापल्याचा वास येतो. उंची बदलायचीच तर चारही चाकांची बदला. पुढची-मागची उंची जुळली नाही की फोर-व्हील लागल्यावर पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांशी भांडतात आणि भुर्दंड गिअरला पडतो.

आता हवा. सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. एटीव्हीचा टायर साधारण ५ ते ८ पीएसआयवर चालतो. नेमका आकडा गाडीवरच्या स्टिकरवर असतो आणि तोच पाळायचा. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडचं मीटर शंभरच्या पुढचं असतं, त्यावर ५ आणि ९ यांतला फरक दिसतच नाही. सवयीने तो २५-३० मारून देतो. टायर मधे फुगतो, नुसता मधला पट्टा जमिनीला टेकतो, गाडी उड्या मारते आणि मधली नक्षी आधी संपते. ० ते १५ पीएसआयचं लो-प्रेशर मीटर वेगळं मिळतं, टायरच्या आधी ते घ्या.

एवढ्या कमी दाबाला बारीक फरकही मोठा असतो. तापमान १० अंशांनी बदललं की या दाबाला पाऊण पीएसआयच्या आसपास फरक पडतो. हिवाळ्यात पहाटे ६ भरलेला टायर दुपारी उन्हात सात-साडेसात दाखवतो. म्हणून हवा गाडी थंड असताना, सावलीतच बघायची. घाटावर नेताना आणखी एक गोष्ट होते. सांगली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, महाबळेश्वर साडेतेराशेच्या पुढे. वर बाहेरच्या हवेचा दाब कमी असल्याने तोच टायर मीटरवर सव्वा पीएसआयने जास्त दिसतो. वरचा गारवा त्यातला थोडा कमी करतो, तरी वर पोचल्यावर अर्धा-पाऊण सोडावा लागतो. नाही सोडला तर ओल्या जांभ्यावर पकड गेल्याचं लगेच जाणवतं. परत येताना भरायला विसरू नका. वर पाचवर ठेवलेला टायर खाली चार-साडेचारवर येतो आणि मग वळणावर बीड (टायरची डिस्कवर बसणारी कड) डिस्कवरून सुटायची भीती असते.

डाव्या-उजव्या बाजूचंही बघा. एकाच मापाचे दोन नवे टायर सारखेच असतील असं नाही. समान हवा भरून टेपने परीघ मोजा. मागच्या जोडीत पाव इंचापेक्षा जास्त फरक असेल आणि मागचा एक्सल अखंड असेल तर गाडी एका बाजूला ओढते. थोडा फरक असेल तर हवा अर्धा पीएसआय कमी-जास्त करून जुळतो.

पुढच्या डाव्या चाकातून हवा हळूहळू जायची. खिळा नाही, काटा नाही, व्हॉल्व्ह ठीक. साबणाचं पाणी मारल्यावर डिस्कच्या कडेने बारीक फेस आला. कारण द्राक्षबागेतलं होतं: मोरचूद. बोर्डोची (मोरचूद आणि चुन्याच्या बुरशीनाशकाची) फवारणी झालेल्या ओळींतून गाडी फिरते, ओघळलेलं द्रावण डिस्कच्या कडेत साचतं आणि लोखंड खातं. गंजाने कड खरबरीत झाली की बीड नीट बसत नाही. तांब्याचे क्षार रबरालाही चांगले नाहीत, त्याने रबर लवकर म्हातारं होतं. उपाय सोपा पण मेहनतीचा: टायर उतरवून कड तारेच्या ब्रशने आणि बारीक पॉलिश पेपरने साफ करायची, प्रायमर व रंगाचा पातळ हात द्यायचा, पूर्ण वाळल्यावर साबणाचं पाणी लावून टायर चढवायचा. फवारणीच्या दिवशी संध्याकाळी चाकं आतल्या बाजूनेही धुतली की पुन्हा ही वेळ येत नाही. ॲल्युमिनियमच्या डिस्कलाही मोरचूद सोडत नाही, तिला खड्डे पडतात.

टायर चढवताना बीड बसत नसेल तर परिघावरून सामान बांधायचा पट्टा आवळा, कडा बाहेर दाबल्या जातात, मग हवा मारा. साइडवॉलवर बीड बसवण्याचा कमाल दाब छापलेला असतो, त्याच्या पुढे जायचं नाही. नसेल बसत तर हवा सोडून पुन्हा साबण लावा. दोन्ही कडा बसल्या की लगेच चालवायच्या दाबावर आणा. नक्षीला दिशा असेल तर साइडवॉलवरचा बाण बघूनच चढवा. चाकाचे नट पहिल्या फेरीनंतर एकदा परत आवळायचे, हे बहुतेक जण टाळतात.

काट्यांचं तर विचारूच नका. जत, आटपाडी, माणच्या बाजूला वेडी बाभूळ आहे, तिचा काटा ६ प्लायच्या ट्रेडमधूनही जातो. तिथे सीलंट उपयोगी पडतं. मागच्या टायरला साधारण एक लिटर, पुढच्याला पाऊण. ट्रेडमधली बारीक भोकं ते बुजवतं. पण व्हॉल्व्हची पिन त्यात चिकटते, म्हणून हवा बघताना व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवा आणि दोन-चार जादा पिना जवळ असू द्या. सीलंट कायमचं नसतं, दोनेक वर्षांत आत सुकून त्याच्या पापड्या होतात. मोठ्या भोकाला दोरी आणि सोल्युशनच. काटा उपटायच्या आधी दोरी सुईत ओवून तयार ठेवा. बागेत ऑक्टोबर छाटणीच्या वेळी तारेचे तुकडे पडतात. ते काट्यापेक्षा वाईट, कारण तिरके घुसतात.

पाचटाने व्हॉल्व्ह उपटला जाण्याचा प्रकारही होतो. त्यासाठी आखूड व्हॉल्व्ह आणि धातूची टोपी लावा, प्लास्टिकची टिकत नाही.

डांबरावर हे टायर चालवू नका. साइडवॉलवर एनएचएस छापलेलं असतं, म्हणजे ते हायवेसाठी नाहीत. बहुतेक एटीव्हींना रस्त्याची नोंदणीही नसते. कासच्या फुलांच्या पठारावर तर चाक घालूच नका, टायर कितीही चांगला असला तरी.

घेताना तारखेचा चार आकडी कोड वाचा: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. एटीव्हीचे टायर आपल्याकडे कमी खपतात, त्यामुळे दुकानात वर्षानुवर्षं पडून असतात. नक्षी नवी कोरी दिसते, पण ठोकळ्यांच्या बुडाशी अंगठ्याने दाबून वाकवलं की केसासारख्या भेगा दिसतात. असा टायर निम्म्या किमतीतही घेऊ नका.