मन पालटण्याच्या दोन वाटा: टिळक आणि लक्ष्मीबाई

बायबलमधला प्रेषित पौल रोमकरांस पत्रात (12:2) मनाच्या नवीकरणाने पालटायला सांगतो. ते घडतं कसं, याची एकाच घरातली दोन उत्तरं आहेत.

रेव्हरंड ना. वा. टिळकांना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने नवा करार दिला. त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाने ते भारावले आणि 1895मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेऊन मोकळे झाले. आधी विचार, घरदार मागाहून.

लक्ष्मीबाईंचं उलट. नवऱ्याच्या धर्मांतरानंतर वेगळ्या राहिल्या; पुढे त्याच्याकडे परतल्या, तरी सोवळं सुटेना. जातिभेद माणसांनीच केलेत हे आतून पटलं, तेव्हा कुणाच्याही हातचं पाणी चालू लागलं. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900मध्ये.

टिळकांची वाट दिपवणारी खरी, पण तिची झळ बायकोला बसली. मला लक्ष्मीबाईंचीच जास्त पक्की वाटते, भले पाच वर्षं उशिरा का असेना.