प्राथमिक वर्गासाठी पॉडकास्ट, व्हिडिओ की टॅबलेट?

शाळेकडे थोडे पैसे आले की शिक्षकांच्या खोलीत चर्चा सुरू होते ती थेट वस्तूंची. बोटाने चालणारा मोठा पॅनेल घ्यायचा का? टॅबलेट किती घ्यायचे? हल्ली त्यात "पॉडकास्ट सुरू करूया" याचीही भर पडली आहे. पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी हा निर्णय घ्यायचा असेल, तर मी आधी एवढंच विचारेन: त्या वीस मिनिटांत मूल काय करत असेल? ऐकत असेल, बघत असेल, बोटाने टिचक्या मारत असेल, की स्वतः बोलत असेल? याचं उत्तर मिळालं की अर्धी यादी आपोआप गळते.

आणखी एक. पॉडकास्ट म्हटलं की दोन अगदी वेगळी कामं एकत्र येतात. दुसऱ्या कुणी केलेला भाग वर्गात ऐकवणं हे एक, आणि मुलांनी स्वतःचा भाग तयार करणं हे दुसरं. पहिलं कमी कष्टाचं आहे आणि त्याचा फायदा बेताचा आहे. दुसऱ्याला वेळ भरपूर लागतो आणि माझ्या मते या संपूर्ण यादीत सगळ्यात जास्त तेच देतं. दोन्ही एकाच रकान्यात टाकून तुलना केली तर हाती काहीच लागत नाही.

ऐकवायचं की दाखवायचं

ऐकवण्याच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा असा की लहान मुलाला वाचून जेवढं समजतं त्याहून कितीतरी जास्त ऐकून समजतं. गफ आणि टनमर या अभ्यासकांनी 1986 मध्ये वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं. वाचून समजणं म्हणजे अक्षरांचा उलगडा गुणिले भाषेची समज. गुणाकार असल्यामुळे एक बाजू शून्य असली की उत्तर शून्य. दुसरीतलं मूल जोडाक्षरापाशी अडखळतं म्हणून ज्वालामुखीवरचा उतारा त्याच्यासाठी बंद असतो, पण तोच मजकूर कुणी नीट सांगितला तर ते तोंड उघडं ठेवून ऐकतं. म्हणजे उलगडा जमेपर्यंत दुसरी बाजू, शब्द आणि वाक्यरचना, कानावाटे वाढवत राहता येते. चांगल्या पॉडकास्टचं वर्गातलं खरं काम हेच.

आता अडचण. वाचताना डोळा मागच्या ओळीवर जातो, पुन्हा वाचतो. आवाज मात्र येतो आणि विरतो. त्यामुळे तिसऱ्या मिनिटाला सुटलेला धागा पंधराव्या मिनिटापर्यंत सुटलेलाच राहतो, आणि मूल शांत बसलेलं असल्यामुळे शिक्षकाला पत्ताही लागत नाही. 2010 साली डॅनियल आणि वूडी यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात एकच मजकूर काही महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी वाचला आणि काहींनी पॉडकास्ट म्हणून ऐकला. चाचणीत ऐकणारे मागे पडले. मोठ्यांची ही गत, तर आठ वर्षांच्या मुलांसमोर पंचवीस मिनिटांचा भाग लावून आपण वह्या तपासत बसलो तर काय होणार, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून ऐकवायचंच असेल तर तीन-चार मिनिटं ऐकवा, थांबवा, विचारा, पुढे जा. ऐकण्याआधी एकच प्रश्न फळ्यावर लिहा, म्हणजे कानाला शोधायला काहीतरी मिळतं. मुलांसाठीचे बरेच पॉडकास्ट घरी किंवा प्रवासात ऐकण्यासाठी केलेले असतात: मागे संगीत, दोन सादरकर्त्यांची थट्टामस्करी, मध्येच जाहिरात. ते वाईट नसतात, पण त्यातलं वर्गाच्या कामाचं साडेतीन मिनिटांचं नेमकं तेवढं आदल्या दिवशी काढून ठेवावं लागतं. हा वेळ कुणी हिशेबात धरत नाही.

व्हिडिओ केव्हा? हालचाल बघितल्याशिवाय गोष्ट कळणारच नसेल तेव्हा. बी रुजणं, हृदयाच्या झडपांची उघडझाप, ग्रहणात सावली सरकणं, हे तोंडी सांगणं म्हणजे वेळ वाया घालवणं आहे. याउलट गोष्ट, कविता, मुलाखत, पक्ष्यांचे आवाज यांत चित्र नसलं तर बिघडत नाही. उलट मूल स्वतःचं चित्र बनवतं आणि मग त्यावर बोलायला त्याच्याकडे काहीतरी असतं. व्हिडिओ निवडताना एक सापळा मात्र बघा: पडद्यावर चित्र, खाली वाक्य, आणि निवेदक तेच वाक्य वाचतोय. शिक्षण-मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांतून दिसलं आहे की चित्र आणि निवेदन यांच्या जोडीला तोच मजकूर लिहून दाखवला की शिकणं सहसा घटतं, कारण डोळे दोन ठिकाणी धावतात. वाचन शिकवण्यासाठी मुद्दाम दाखवलेली अक्षरं ही वेगळी बाब.

फाइलच्या आकारात तर तुलनाच नाही. बोलण्याला पुरेशा साध्या दर्जात (64 केबीपीएस मोनो) दहा मिनिटांचा ऑडिओ जेमतेम 5 एमबी होतो. तेवढ्याच लांबीचा साधा व्हिडिओ सहज त्याच्या दसपट. इंटरनेट रडतखडत चालत असेल, किंवा तोच भाग पालकांच्या फोनवर पाठवायचा असेल, तर हा फरक निर्णायक ठरतो.

पण खोली! ऑडिओचा निर्णय घेण्याआधी खोली तपासा, हे मी कुणालाही पहिल्यांदा सांगेन. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1999 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार शिकवणं चालू असताना वर्गातला पार्श्वभूमीचा आवाज 35 डेसिबलच्या वर जाऊ नये. पंखा, रस्ता आणि भिंतीपलीकडचा पाढ्यांचा तास धरला तर बहुतेक वर्ग त्या मर्यादेच्या बरेच वर असतात. मोठ्या माणसाचा एखादा शब्द हुकला तर तो संदर्भावरून भरून काढतो. मुलांचा शब्दसाठा तेवढा नसतो, त्यामुळे हुकलेला शब्द हुकतोच. व्हिडिओत निदान चित्र सावरून घेतं. फोनचा स्पीकर चाळीस मुलांना कधीच पुरत नाही. वेगळा स्पीकर घ्या, तो पुढच्या टेबलावर न ठेवता वर्गाच्या मध्यावर ठेवा, आणि शेवटच्या बाकावर स्वतः बसून ऐका. ऐकू कमी येणारं मूल वर्गात असेल तर नुसता ऑडिओ म्हणजे त्याला दाराबाहेर ठेवणं झालं. लिखित मजकूर किंवा चित्रांची पानं सोबत द्यावीच लागतील. हेडफोनचा विचार असेल तर आवाजाला कुलूप घालता येईल असेच घ्या. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या मानकात मोठ्यांसाठी आठवड्याला 40 तास 80 डेसिबल, तर मुलांसाठी 75 डेसिबल ही मर्यादा आहे.

मुलांनी स्वतः केलेला भाग

दुसऱ्याचं ऐकण्यापेक्षा स्वतःचं करणं कुठे वेगळं पडतं? पुन्हा करण्यात. एकच उतारा परत परत मोठ्याने वाचल्याने वाचनाला ओघ येतो, हे वाचनाचे अभ्यासक सॅम्युएल्स यांनी 1979 मध्ये मांडलं आणि नंतरच्या अभ्यासांनी ते उचलून धरलं. पण "हाच परिच्छेद पाच वेळा वाच" असं तिसरीतल्या मुलाला सांगून पाहा. दुसऱ्यांदाच जांभई येते. तेच मूल रेकॉर्डिंगमध्ये अडखळलं की स्वतःच म्हणतं, "बाई, परत घ्या ना!" आपला आवाज ऐकून त्याला कळतं की वाक्याच्या शेवटी आपण शब्द गिळतो, स्वल्पविरामाला थांबत नाही. हे शिक्षकाने सांगून जेवढं पोचतं त्याच्या कितीतरी पट लवकर पोचतं.

तीन मिनिटांच्या भागाला मुलांच्या वेगाने साधारण साडेतीनशे शब्द लागतात. म्हणजे चौथीतल्या चार जणांच्या गटाला प्रश्न ठरवायचा, कुणाची तरी मुलाखत घ्यायची, त्यातलं काय ठेवायचं ते निवडायचं, लिहायचं, खोडायचं आणि मग बोलायचं. निबंधात हे सगळं असतं, फक्त तो वाचणारी व्यक्ती एकच आणि तिच्या हातात लाल पेन.

हेच काम व्हिडिओने करायला गेलं तर काय होतं ते बघा. अर्धा वेळ केस, मागचा पडदा आणि "मी या बाजूला उभी राहते" यात जातो. लाजाळू मूल कॅमेऱ्यासमोर गोठतं. माइकसमोर त्याला कागद हातात धरून बसता येतं, चुकलं तर तेवढं वाक्य परत घेता येतं. स्लाइड करायला दिल्या तर मुलं अक्षरांचे रंग आणि उड्या मारणारी चित्रं यांतच रमतात, मजकूर मात्र दोन ओळींचा.

तोटेही आहेत आणि ते छोटे नाहीत. पहिल्या भागाला भाषेचे निदान आठवडाभराचे तास जातात. एका खोलीत एका वेळी एकच गट रेकॉर्ड करू शकतो, बाकीच्यांसाठी शांतपणे करायचं काम तयार लागतं. हुशार वाचक माइक बळकावतात आणि मागे राहणाऱ्यांच्या वाट्याला "तू बटण दाब" एवढंच येतं. भूमिका दर भागाला फिरवल्या नाहीत तर ज्याला गरज आहे तोच मुका राहतो.

तांत्रिक बाजूचा मात्र उगाच बाऊ केला जातो. ऑडॅसिटी हे ध्वनिसंपादनाचं सॉफ्टवेअर 2000 सालापासून फुकट उपलब्ध आहे आणि इंटरनेटशिवाय चालतं, पण तिसरीपर्यंत त्याचीही गरज नाही. फोनमधला रेकॉर्डर उघडा, परिच्छेदागणिक छोटे तुकडे घ्या, चुकला तो तुकडा पुसून पुन्हा घ्या. जोडाजोड शिक्षकांनी करावी. जागा निवडताना एक टाळी वाजवा. आवाज घुमला तर दुसरी जागा बघा. पुस्तकांनी भरलेली खोली किंवा कपड्यांच्या पडद्यांची जागा उत्तम. माइक तोंडापासून वीतभर, जरासा बाजूला, म्हणजे "प" आणि "फ" फुटत नाहीत.

हे इंटरनेटवर टाकायचं का? माझं मत: सुरुवातीला नको. शेजारच्या वर्गाने आणि पालकांनी ऐकलं तरी मुलांना श्रोता मिळतो. मुलाचा आवाज हीसुद्धा त्याची ओळख आहे. अमेरिकेत 13 वर्षांखालील मुलांच्या ऑनलाइन गोपनीयतेच्या नियमांत 2013 पासून मुलाचा आवाज असलेली ध्वनिफीतही वैयक्तिक माहितीत मोडते. युरोपीय संघात ऑनलाइन सेवांना मुलाने स्वतः संमती देण्याचं वय 16 आहे, सदस्य देश ते 13 पर्यंत खाली आणू शकतात. आपल्याकडे कुठला नियम लागू आहे ते बघाच, पण नियम काहीही असो, पूर्ण नाव, पत्ता, शाळेची वेळ रेकॉर्डिंगमध्ये नको आणि पालकांची लेखी संमती हवी. मूळ फाइल्स शाळेकडेच ठेवा, कारण अ‍ॅप कधीही बंद पडू शकतं: मुलांचे छोटे व्हिडिओ गोळा करणारं मायक्रोसॉफ्टचं फ्लिप अनेक वर्गांत वापरलं जायचं, स्वतंत्र अ‍ॅप म्हणून ते 2024 मध्ये बंद झालं.

टॅबलेट आणि प्रश्नमंजुषा

टॅबलेटची ताकद एकट्याच्या सरावात आहे. पाढे, शुद्धलेखन, जिथे चूक लगेच कळायला हवी आणि प्रत्येकाचा वेग निराळा असतो, तिथे चाळीस मुलांमागे एक शिक्षक पुरा पडत नाही. शिवाय पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी स्क्रॅच ज्युनियर (2014) आणि आठच्या पुढे अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतून 2007 मध्ये आलेलं स्क्रॅच, या प्रोग्रॅमिंगच्या अ‍ॅपमध्ये मूल स्वतः काहीतरी बनवतं. ही दोन्ही फुकट आहेत आणि बहुतेक विकतच्या अ‍ॅपपेक्षा सरस आहेत.

पण नुसतं यंत्र वाटून काही होत नाही, याचा पेरूमध्ये मोठा अनुभव घेऊन झाला आहे. तिथल्या ग्रामीण भागातल्या 319 शाळांचं मूल्यमापन 2012 मध्ये प्रसिद्ध झालं. मुलांना लॅपटॉप मिळाले, वापर वाढला, भाषा आणि गणिताचे गुण मात्र वाढले नाहीत. त्यात चार्जिंग, फुटलेले पडदे, अपडेट आणि पासवर्ड यांची भर. पहिलीच्या वर्गात सगळ्यांचं लॉगिन होईपर्यंत तासाची दहा मिनिटं संपतात.

प्रश्नमंजुषेसाठी कहूत (Kahoot) हे अ‍ॅप लोकप्रिय आहे, त्यात साधारणपणे वेगाला गुण मिळतात आणि मुलांच्या हातात उपकरणं लागतात. प्लिकर्स (Plickers) या दुसऱ्या अ‍ॅपमध्ये मुलं छापलेलं कार्ड हव्या त्या बाजूने धरतात आणि शिक्षक एकाच फोनने सगळी उत्तरं टिपतात. लहान वर्गांसाठी मी डोळे मिटून दुसरं निवडेन. विचार करून उत्तर देणाऱ्या मुलाला त्यात दंड नाही.

मोठ्या पॅनेलबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. एक मूल पुढे येऊन बोट लावतं, बाकीचे बघतात. शाळेत चालू प्रोजेक्टर असेल तर तूर्त तो पुरे.

तुमच्याकडे काय आहे त्यावरून

एक फोन आणि एक बरा स्पीकर एवढंच असेल, तर मुलांचे भाग करायला घ्या. बाहेरचे पॉडकास्ट आठवड्यातून एकदा, छोट्या तुकड्यांत. पाचवीपासून सुरुवात करा, पहिलीपासून नको. पहिली-दुसरीने आधी श्रोते व्हावं.

वर्गात आवाज घुमतो आणि दुसरी खोली नाही, अशी स्थिती असेल तर ऐकवण्यावर पैसे घालू नका. विज्ञानासाठी निवडक, आवाज बंद करून दाखवलेले आणि शिक्षकांनी स्वतः समजावलेले व्हिडिओ जास्त कामाचे.

मुलांची पातळी एकाच वर्गात फार वरखाली असेल, तर पाच-सहा टॅबलेट फिरते ठेवा: एक गट टॅबलेटवर सराव करतो, एक शिक्षकांपाशी वाचतो, एक लिहितो. प्रत्येकाला एक घेण्याच्या भानगडीत पडू नका.

आणि टॅबलेट आधीच घेतलेले, कपाटात धूळ खात पडलेले असतील, तर नवीन अ‍ॅप शोधण्याआधी त्यांत रेकॉर्डर आहे का ते बघा. बहुतेकांत असतो.